पालथा हंडा

"माझी पोर चोर न्हाई, ताई. तेवढं तुमी शोधून द्या," चांगुणाबाई खुर्चीत टेकण्याआधीच म्हणाल्या.

पंकजा भिंगारदिवे यांनी दोघी मायलेकींपुढे पाण्याचे ग्लास सरकवले. केडगावच्या त्यांच्या छोट्या ऑफिसात तपासाला येणारी कामं म्हणजे लग्नाआधीची चौकशी, नाहीतर विम्याचे दावे. असलं काम पहिलंच होतं.

त्यांचे मदतनीस कराळेमामा सरसावून बसले. पोलिसातून निवृत्त झालेला हा हवालदार मनाने सोनं, पण डोकं बैलगाडीच्या चालीने चालायचं.

"काय चोरलं म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"निबंध," मुलगी म्हणाली. हातातल्या रुमालाला पीळ घालून घालून तिने त्याची दोरी करून टाकली होती.

तिसगावची स्नेहल नगरच्या कॉलेजात मराठी घेऊन एम. ए. करत होती. 'तळची पायरी' नावाच्या जुन्या कथेतल्या प्रतीकांवर तिने निबंध लिहिला आणि त्याला जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं. आता तो छापून येणार होता. तेवढ्यात तिला शिकवणाऱ्या धनश्री मॅडमनी तक्रार केली. हा निबंध माझा आहे, पाच वर्षांपूर्वी राहुरीच्या चर्चासत्रात मी तो वाचला, असं त्यांचं म्हणणं. सोबत टाइप केलेली जुन्या तारखेची प्रतही जोडली होती. दोन्हींतलं वाक्य न् वाक्य सारखं.

"आज दुपारी समिती बसणार आहे," स्नेहल म्हणाली. "कॉलेजातून नाव काढून टाकतील. पुढे कुठेही गेले तरी ही चोर म्हणूनच ओळखतील मला."

"कथा काय आहे?"

"दुष्काळात एक सून बारवेच्या पायऱ्या उतरून घराला पाणी आणत असते. शेवटी तळच्या पायरीवर ती थांबते. हंडा हातून सुटून पालथा पडतो. संपली कथा. तो पालथा हंडा म्हणजे तिचा नकार. या घरासाठी ती आता पाणी भरणार नाही, असा अर्थ मी लावला."

"मंग घरची मान्सं प्याली काय?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"आई, ते लेखकाने सांगितलेलं नाही."

"निबंध आधी कुणी पाहिला होता?" पंकजाताईंनी विचारलं.

"धनश्री मॅडमनी. तपासायला दिला होता. आणि वर्गातल्या महेंद्रने."

कॉलेजच्या कँटीनमध्ये महेंद्र भेटला. स्पर्धेत त्याचा दुसरा नंबर आला होता, हे कळताच कराळेमामांनी त्याच्याकडे पोलिसी नजरेने पाहायला सुरुवात केली.

"मी कशाला कुणाला निबंध देऊ?" महेंद्र चिडला. "उलट मीच सगळ्या वर्गाची सोय केली. लायब्ररीत पुस्तकाची प्रत एकच. यंदा हा पेपर नवा लागला, म्हणून मीच त्या कथेच्या झेरॉक्स काढून वाटल्या."

"नीट काढल्या होत्या ना?"

"म्हणजे काय! पानाच्या तळाशी कथा संपली, तिथे थांबलो. अर्धं वाक्यसुद्धा तुटलं नाही."

बाहेर आल्यावर मामा कुजबुजले, "पोरगं जळतंय. यानेच निबंध मॅडमना पुरवला."

"मॅडमकडे तो आधीच होता, मामा."

मराठी विभागाचे प्रमुख वाल्मिक सर चष्मा शोधत बसले होते. चष्मा कपाळावरच होता.

"राहुरीला अध्यक्ष मीच होतो. धनश्री बोलली खरी. काय बोलली ते मात्र विचारू नका, जेवणानंतरचं सत्र होतं," ते प्रांजळपणे म्हणाले. "कथा मात्र पाठ आहे. ती सून भरला हंडा डोक्यावर घेऊन निमूटपणे वर चढते ना, तिथे मला अजून गलबलून येतं."

"यांची साक्ष काही कामाची नाही," मामांनी जिन्यातच निकाल दिला. "स्वतःचा चष्मा सापडत नाही, आणि कथा म्हणे पाठ!"

धनश्री मॅडम स्टाफरूममध्ये पेपर तपासत होत्या. तासिका तत्त्वावर, म्हणजे वर्षागणिक नव्या नेमणुकीवर, त्या इथे शिकवत. कायम जागेसाठीची मुलाखत तोंडावर आली होती.

"मुलगी हुशार आहे. मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण मेहनत माझी आहे. पाच वर्षांपूर्वी लायब्ररीतलं मूळ पुस्तक वाचून लिहिलंय मी. मुलांसारखी झेरॉक्सवर विसंबत नाही."

"मला साहित्यातलं कळत नाही," पंकजाताई म्हणाल्या. "त्या कथेत एवढं काय आहे?"

"शेवट! हंडा पालथा पडतो, आणि त्यापुढे लेखक एक शब्द लिहीत नाही. तिथेच त्याची ताकद दिसते."

मामांच्या अंगावर काटा आला. कॅरिडॉरमध्ये पालथी बादली दिसली तेव्हा तेही क्षणभर विचारात पडले. पंकजाताई मात्र तडक लायब्ररीत गेल्या आणि थोड्या वेळाने एक पुस्तक घेऊन बाहेर आल्या.

बाकावर स्नेहल थिजून बसली होती. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. "ताई, काही मिळालं?"

"मिळालं. पण तुला ते आवडणार नाही."

समितीच्या खोलीत प्राचार्य पुष्पावती गाडे बसल्या होत्या. त्यांच्या समोर दोन्ही निबंध होते. स्नेहलसोबत धनश्री मॅडम, महेंद्र आणि वाल्मिक सरांनाही बोलावलं होतं. चांगुणाबाई दाराशीच उभ्या राहिल्या. त्यांच्या ओठांची नुसती हालचाल होत होती.

"मॅडम, दोन्ही निबंधांत एक चूक आहे," पंकजाताई म्हणाल्या. "एकच चूक, जशीच्या तशी. ‘हंडा पालथा पडतो आणि कथा संपते.’ ती तिथे संपत नाही."

त्यांनी पुस्तक उघडून पान उलटलं. मागच्या बाजूला, पुढच्या कथेच्या वर, कथेचा उरलेला भाग होता. सून हंडा सरळ करते, विसळते, भरते आणि वर चढते.

स्नेहलचा चेहरा पांढराफटक पडला.

"महेंद्रने झेरॉक्स काढताना हेच पान राहिलं," पंकजाताई सांगू लागल्या. "तळाशी वाक्य पुरं झालं होतं, म्हणून त्याला कथाच संपली असं वाटलं. वर्गातल्या सगळ्यांनी तेच वाचलं. वाल्मिक सरांनी मूळ पुस्तक वाचलंय, म्हणून त्यांना सून वर चढताना आठवते. मामा, तुम्ही त्यांना उगाच विसराळू ठरवलंत."

मामांनी टोपी नीट केली.

"आता सांगा. धनश्री मॅडम म्हणतात, त्यांनी पाच वर्षांपूर्वी मूळ पुस्तक वाचून लिहिलं. तेव्हा ही अपुरी झेरॉक्स नव्हतीच. मग यंदाच्या झेरॉक्समधली चूक त्यांच्या जुन्या लेखात आली कुठून? स्नेहलने तपासायला दिलेल्या निबंधातून! राहुरीला त्या काय बोलल्या ते कुणाला आठवत नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. जुनी तारीख टाकायला कितीसा वेळ लागतो? त्यांनी पुस्तक एकदा उघडलं असतं, तर आज मी हरले असते."

धनश्री मॅडमनी मान खाली घातली. मग त्या म्हणाल्या, "मुलाखतीसाठी लेख हवा होता. हिचाच निबंध मी माझ्या नावाने पाठवून बसले. मग हिला बक्षीस मिळालं, निबंध छापायचं ठरलं. मी घाबरले. तिने माझ्याकडे बोट दाखवायच्या आधी मीच दाखवलं."

गाडे मॅडमनी तक्रार बाजूला ठेवली. "स्नेहल, तुझ्यावर काही आळ उरलेला नाही. बक्षीस तुझंच."

चांगुणाबाईंनी दाराला धरून डोळे टिपले. स्नेहल मात्र टेबलावरच्या त्या उलटलेल्या पानाकडे पाहत होती. तिला आनंदही होत होता आणि मेल्याहून मेल्यासारखंही वाटत होतं. ज्या नकारावर तिने अख्खा निबंध उभा केला, तो कथेत नव्हताच.

"मॅडम, मी निबंध मागे घेते," ती म्हणाली.

"अगं, सुटलीस ना तू? आता कशाला?"

"चुकीचा आहे, म्हणून. पण चोरीचा म्हणून नाही. माझा आहे, तर मीच मागे घेणार."

गाडे मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि कोरा कागद पुढे केला. स्नेहलने दोन ओळींत अर्ज लिहिला. खाली सावकाश, स्वच्छ अक्षरात पूर्ण नाव घातलं: स्नेहल चांगुणा एकनाथ शिरसाठ. चांगुणाबाई दारातून पुढे आल्या आणि एकेक अक्षर जुळवत ते नाव वाचू लागल्या.