तर्कशास्त्राची जागा

इसवी सन १९५७, फेब्रुवारी महिना. चांदा जिल्हा, गडचिरोली तहसील, वैनगंगेच्या पूर्वतीरावरील चिचघाट हे गाव. येथील नव्या महाविद्यालयाला संलग्नता द्यावी की नाही, हे ठरवण्यासाठी विद्यापीठाने तिघांची समिती नेमली होती. प्रत्यक्षात आले एकटे प्राध्यापक नरहर उमाळकर. उरलेल्या दोघांपैकी एकांच्या घरी लग्न निघाले, आणि दुसऱ्यांची कंबर जंगलातल्या रस्त्याचे वर्णन ऐकूनच धरली.

उमाळकर तर्कशास्त्राचे अध्यापक. पुराव्यावाचून मान डोलावणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून राग येई. विद्यापीठाच्या सभेत ते बोलायला उठले की शेजारचे सभासद घड्याळ काढून समोर ठेवीत, आणि तरीही ते आपला मुद्दा अखेरपर्यंत नेत.

या खेपेचा मुद्दा साधा होता. इंटरच्या वर्गाला चार विषय, म्हणून चार पूर्णवेळ अध्यापक हवेत. एखादी जागा वर्षभर रिकामी राहिली असेल तर विद्यार्थ्यांना परीक्षेला बसता येणार नाही. तीन अध्यापकांविषयी वाद नव्हता. चौथ्याविषयी, म्हणजे तर्कशास्त्राच्या अध्यापकाविषयी, कुणीतरी निनावी तक्रार केली होती की असा मनुष्य चिचघाटला कधी कुणी पाहिलेलाच नाही.

पोंभुर्ण्याहून बैलगाडीने ते नदीवर आले. डोमा नावाच्या ढिवर नावाड्याने त्यांना नावेत घेतले.

"मंधात बसा जी," डोमा म्हणाला. "कडेले नका बसू."

पाणी उतरले होते. तळाची वाळू दिसत होती. उमाळकरांनी सहज विचारले, "तर्कशास्त्राचे आसुटकर सर तुझ्याच नावेने आले असतील ना?"

डोमाचा बांबू पाण्यात तसाच राहिला. नाव थोडी आडवी वळली.

"पान्यावर नका विचारू जी," तो हलक्या आवाजात म्हणाला. "काठावर गेल्यावर दादाजीभाऊले विचारा."

दादाजी संस्थेचे अध्यक्ष. धानाचे शेतकरी, चौथीपर्यंत शिकलेले. महाविद्यालयाची इमारत गावाने स्वतः उभारली होती: विटा गावच्या भट्टीतल्या, छपराचे कवेलू गावच्या कुंभाराचे, बाके सागवानी. प्राचार्य हिवतापाने चांद्याच्या दवाखान्यात होते, तेव्हा पाहुण्यांची सारी व्यवस्था दादाजींकडेच होती. चहाचा पेला खाली ठेवून उमाळकरांनी सरळ मुद्द्याला हात घातला.

"आसुटकरांना बोलवा."

"सर हायेत जी. अकराच्या तासाले येतात. तुमी वर्गातच भेटा."

"राहतात कुठे?"

"ते आमाले नाई माहीत," दादाजी म्हणाले. मग उमाळकरांचा चेहरा पाहून त्यांनी हात जोडले. "लबाडी नाई जी. पोरांचं साल वाया नका घालवू. चाळीस गावची पोरं हायेत. इथून पुढं त्यायले शाळा नाई, कायी नाई. तुमी तास पाहा, मंग काय म्हनाचं ते म्हना."

उमाळकर मागच्या बाकावर जाऊन बसले. बाहेर लटारू शिपायाने घंटा दिली. कवेलूंच्या फटींतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते. मोहाच्या झाडाखाली कुणाची तरी गाय रवंथ करीत होती.

वर्ग उठून उभा राहिला.

दारातून कुणीही आत आले नव्हते. क्षणभराने सारे एकदम खाली बसले, आणि हजेरी सुरू झाली. नाव कुणी पुकारले नाही. "हजर" मात्र क्रमाने येऊ लागले. मध्ये एके ठिकाणी खंड पडला, गैरहजर विद्यार्थ्याची वाट पाहावी एवढा. मग पुढचे "हजर" आले.

उत्तम बसवलेले नाटक, उमाळकरांच्या मनात आले. त्यांना संताप आला, आणि थोडी कीवही. एवढी मेहनत या लोकांनी अध्यापक शोधण्यात का घातली नाही? मग त्यांचे त्यांनाच आठवले की गेली दोन वर्षे विद्यापीठाच्या जाहिरातीला जंगलातल्या जागांसाठी बहुधा अर्जच येत नसत.

नाटक मोडण्याचा उपाय सोपा होता. त्यांनी खिशातल्या कागदावर एक प्रश्न लिहिला, कागदाची घडी घातली, आणि शब्दही न बोलता तो पुढे टेबलावर ठेवून जागेवर परतले. प्रश्न असा होता: सर्व नावाडी पोहणारे असतात, डोमा पोहणारा आहे, म्हणून डोमा नावाडी आहे. या अनुमानातील दोष सांगा.

घडी कुणी उलगडली नाही. वर्ग टेबलाकडे पाहत राहिला. थोड्या वेळाने मधल्या बाकावरची एक मुलगी उठली. सावळी, काटक, अंगावर जाडेभरडे लुगडे. नाव गिरजा, डोमाची ती मुलगी.

"सर, मध्यपद दोन्ही विधानांत अव्याप्त आहे," ती म्हणाली. पुस्तकी भाषा ती जपून बोलत होती. "पोहणारे सगळे नावाडी असतात असं कुणी म्हटलेलं नाही. म्हणून निष्कर्ष निघत नाही."

ती थांबली. कान देऊन तिने काही ऐकले, आणि तिच्या ओठांवर हसू आले.

"हो सर. माझा बाप नावाडी हाये हे खरं हाये. पण खरं असलं तरी ते यातून सिद्ध नाई झालं."

वर्ग हसला. उमाळकर हसले नाहीत. खरे असणे निराळे आणि सिद्ध होणे निराळे, एवढी एक गोष्ट शहरातल्या मुलांच्या गळी उतरवायला त्यांना अर्धे सत्र लागे.

मग सगळ्या लेखण्या एकदम कागदावर टेकल्या आणि एकदम थांबल्या. पुन्हा टेकल्या. हळूहळू मुलांच्या माना वळू लागल्या: आधी पुढच्या बाकांवरच्या, मग मधल्या, मग मागच्या. दोन रांगांमधल्या वाटेने कुणी शिकवत शिकवत मागे यावे, तशा.

उमाळकरांनी वाटेतले पाय मागे घेतले.

पाय घेतल्यावर त्यांच्या ध्यानी आले की वाट कुणी मागितली नव्हती.

तास सुटल्यावर गिरजा त्यांच्यापाशी आली. पदराचे टोक बोटाला गुंडाळीत म्हणाली, "सर, आमचे सर तुमाले एक विचारून राह्यले."

"विचार."

"साल भरल्यावर मले जाता येईल का, असं म्हणतात."

"कुठे जायचे आहे त्यांना?"

"ते नाई सांगत जी. जाऊ द्या एवढंच म्हणतात. शिकवतानी हासतात, पण तास सुटला का असे उभे राह्यतात, जसं कोणी बसा म्हटलंच नाई."

दुपारी ओसरीवर दादाजींनी सारे सांगितले. सांगताना त्यांनी एकदाही नदीकडे पाहिले नाही.

"आमच्याकडं सालदार ठेवतात ना जी, तो कागदावर नाई ठेवत. चार लोकांपुढं त्याचं नाव घेऊन हाक माराची, काम सांगाचं, विडा द्याचा. मंग तो सालभर बांधलेला. आमाले दुसरी रीत ठाऊक नाई. सर येनार म्हणून गाव घाटावर जमलं. जुलैचा महिना, पूर आलेला. नाव दिसे ना. मी विडा घेऊन पुढं झालो आन् मोठ्यानं हाक मारली: आसुटकर सर, तर्कशास्त्र शिकवाले या, तुमची जागा राखून ठेवली हाये."

"मग?"

"नाव तवा मंधात उलटली होती. मले काय माहीत. डोमा वाहत आलेल्या ओंडक्याले धरून हात हालवून राह्यला होता. मी समजलो, बोलावून राह्यला. तो सरांचं नाव घेऊ नका म्हणत होता जी. नदीनं नेलेल्याचं नाव, देह सापडेपर्यंत, ढिवर लोक घाटावर घेत नाईत. घेतलं तं तो मेल्यावर बी कामाले येते. हातातला विडा पान्यात पडला."

"देह?"

"नाई सापडला. सव्वीस वर्षांचं पोरगं. दुसऱ्या दिवशी आमी वर्गातल्या पोरायले म्हटलं, घरी जा. तं ते म्हणाले, सर शिकवून राह्यले."

परतीच्या प्रवासात उमाळकर स्वतःशीच वाद घालीत राहिले. नेमणूक विद्यापीठाच्या मान्यतेने झाली होती. राजीनामा आला नव्हता. बडतर्फी झाली नव्हती. मृत्यू कायद्याने सिद्ध नव्हता. अध्यापन चालू होते, आणि ते त्यांनी स्वतः तपासले होते. एकेक पायरी बिनचूक होती. त्यांनी अहवालात लिहिले की चारही जागा भरलेल्या आहेत, तर्कशास्त्राचे अध्यापन उत्कृष्ट आहे, आणि विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू द्यावे. चिचघाटची मुले परीक्षेला बसली.

जूनमध्ये दादाजी शहरात उमाळकरांच्या घरी आले. पेढे त्यांनी आणले होते, पण ते समोर ठेवायचे विसरून हातातच धरून बसले.

"पोरं पास झाली जी. तर्कशास्त्रात साऱ्या विद्यापीठात आपलं कॉलेज पयलं." ते थांबले. "पाडव्याले सालदार सोडतात ना, तसा मी घाटावर गेलो. चार लोकांपुढं म्हटलं, सर, तुमचं साल भरलं, तुमी मोकळे."

"बरे केलेत."

"नाई जी. सुट्टी लागली तरी सर वर्गात येऊनच राह्यले. गिरजा पाहून आली. मोकळ्या बाकांपुढं उभे होते म्हणते. त्यायनं सांगितलं, दादाजीनं हाक मारली खरी, पण नेमणूक विद्यापीठाची हाये. सोडाचं बी विद्यापीठानंच पाह्यजे." दादाजींनी डोळे पुसले. "मानूस कायद्याचा हाये जी. तुमीच सोडवा त्यायले. नवा सर आमी कुठून बी आनू, पाया पडून आनू."

उमाळकरांनी शब्द दिला. कार्यकारी मंडळाच्या पुढच्याच सभेत त्यांनी प्रस्ताव मांडला: चिचघाट येथील श्री. आसुटकर यांची एक वर्षाची मुदत संपली आहे. त्यांना कार्यमुक्त करावे. जागेसाठी नव्याने जाहिरात द्यावी.

कुलगुरू वृद्ध, मायाळू, पूर्वाश्रमीचे वकील. त्यांनी निकालाचे आकडे पाहिले आणि चष्मा काढला.

"उमाळकर, या माणसाची स्तुती तुम्हीच केलीत. आता काढायला का निघालात?"

"त्यांची स्वतःची तशी इच्छा आहे."

"लेखी?"

"तोंडी."

"तुमच्यापाशी बोलले?"

"एका विद्यार्थिनीमार्फत."

टेबलाच्या टोकाला कुणीतरी हसले. दुसरे एक सभासद म्हणाले, "वय काय त्यांचे?"

"सव्वीस," उमाळकर म्हणाले.

"सव्विसाव्या वर्षी शहर कुणाला नको असते? दोन वर्षांत रमतील."

उमाळकर उभेच राहिले. अहवाल त्यांचा होता, सही त्यांची होती. त्यांनी ज्या पायऱ्या रचल्या होत्या त्यांतली एकही त्यांना आता खोटी म्हणता येईना. तरीही ते म्हणाले, "अध्यक्षमहाराज, त्यांना जाऊ द्या. मी विनंती करतो."

सभेत उमाळकरांनी विनंती केल्याचे कुणालाच आठवत नव्हते. कुलगुरूंनी सहानुभूतीने त्यांच्याकडे पाहिले. मग चिटणीसांकडे वळून, टिपून घ्या अशी खूण केली.

"जंगलात जाऊन असे शिकवणारा माणूस पुन्हा मिळायचा नाही," ते म्हणाले. "त्यांना मोकळे करता येणार नाही. नेमणूक कायम. वयाची साठ वर्षे पूर्ण होईपर्यंत ते चिचघाटलाच राहतील."