वय कुणाचं?

"वय?"

"सत्तावीस."

तिने टाइप केलं. सत्तावीस.

थांबा. गोष्ट खरं तर इथेच घडली, या दोन शब्दांत. बाकीचं सगळं तिचं शेपूट.

काउंटरच्या आत ती, लॅबमध्ये रक्त घेणारी. बाहेर तो. आणि त्याच्या पाठुंगळीला आठ वर्षांची भाची. नाव काहीही असो, घरात सगळे तिला खारूताई म्हणत. कारण ती कधी जमिनीवर नसायचीच. पण आठवडाभर रात्री पाय धरून रडत होती. डॉक्टरांनी हाडांसाठी रक्त तपासायला सांगितलं होतं.

"नातं?"

"मामा."

"सख्खे?"

"सख्खा, लाडका आणि सध्या घोडा."

ती हसली. हसताना जे करू नये ते केलं... त्याच्याकडे पाहिलं.

सुई टोचताना खारूताई टक लावून बघत होती. डोळे मिटले ते मामाने.

"पाणी देऊ?" तिने विचारलं.

"तिला?"

"तुम्हाला. चेहरा बघा, चुना लावल्यासारखा झालाय."

"सुईताई," खारूताई म्हणाली, "त्याला पण टोचा. घाबरट आहे."

दुसरा दिवस. बाहेर पाऊस. तो दारात उभा. छत्री हातात, मिटलेलीच, आणि तो नखशिखांत ओला. उघडायची विसरला होता.

"हे... हे काय आहे?" त्याने कागद काउंटरवर ठेवला. "अल्कलाइन फॉस... फॉस्फे..."

"फॉस्फेटेज."

"तेच. समोर चांदणी छापलीय. मर्यादेच्या दुपटीहून जास्त! काल संध्याकाळी रिपोर्ट मिळाल्यापासून रात्रभर मोबाईलवर वाचत होतो. हाडांचा आजार, यकृताचा आजार, आणखी काय काय... ताई बाहेरगावी आहे कामासाठी. जाताना म्हणाली, 'तुझ्यावर सोपवून चाललेय.' तिला आता काय तोंड दाखवू?"

त्याचा आवाज फाटला. तिने कागद ओढून घेतला. आकडा पाहिला. मग वर... आणि तिचे कान तापले.

वय : २७.

"बसा," ती म्हणाली.

"म्हणजे वाईटच आहे."

"बसा हो! चूक माझी आहे. वय खारूताईचं विचारायचं होतं, आणि मी... मी तुमच्याकडे बघत होते."

(छत्रीचं टोक फरशीवर. टप. टप.)

"मशीन वय बघून मर्यादा छापतं," ती घाईघाईने म्हणाली. "तिला मोठ्यांची मर्यादा लागली. हे फॉस्फेटेज म्हणजे हाडं बांधणाऱ्या पेशींचं काम. वाढत्या मुलांत त्या दिवसरात्र राबतात, म्हणून रक्तात हे मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं. आठ वर्षांच्या मुलीला हा आकडा अगदी ठीक आहे. कॅल्शियम ठीक. ड जीवनसत्त्व ठीक."

"म्हणजे वाढलंय, कारण..."

"कारण ती वाढतेय."

त्याने दोन्ही तळहात चेहऱ्यावर दाबले. ती बघत राहिली. वाटलं, आता ओरडेल. ओरडायलाच हवं. एक आख्खी रात्र तिने त्याच्याकडून हिरावली होती.

"लॅबच्या सरांना सांगून लगेच दुरुस्त करून देते," ती म्हणाली. "पायाचं मात्र डॉक्टरच सांगतील, त्यांना दाखवा. आणि... माफ करा. मनापासून."

"एक सांगू?" हात खाली आले. डोळे लाल, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं. "वय विचारलंत ना, तेव्हा मला वाटलं, मलाच विचारताय. बरं वाटलं होतं."

"रिपोर्ट घेताना कुणी असं बोलतं?"

"रिपोर्ट देताना कुणी असं बघतं?"

डॉक्टरांनी खारूताईचे पाय दाबले, वाकवले, तिला उड्या मारायला लावल्या. वाढीच्या वयातली दुखणी, म्हणाले, रात्री मालिश करा. निरोप द्यायला मामा लॅबमध्ये आला. मग मालिश कशी करायची ते विचारायला आला. मग छत्री विसरली म्हणून आला. छत्री त्याच्या हातात होती.

"काम नसेल तर येऊ नका," ती म्हणाली.

"काम शोधतोय... सापडेपर्यंत येऊ?"

शेवटी ताई परतली आणि तिने फर्मान काढलं : माझ्या भावाचं वय माझ्या लेकीला चिकटवणारी ती कोण, जेवायला आणा!

"वाढू अजून?" ताई डाव घेऊन उभी.

"नको, नको. खूप झालं."

"वाढ गं ताई," तो म्हणाला. "तिच्याकडे वाढलेलं सगळं नॉर्मलच असतं."

तिने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय द्यायला गेली. पाय चुकला. ओरडली ताई.

जेवणानंतर खारूताई खुर्चीवर चढली. पाठकोऱ्या कागदावर तिची लॅब उघडली होती.

"पेशंट, वय?"

"सव्वीस," सुईताई म्हणाली.

"नातं?"

ताईने एकदम भांडी आवरायला घेतली. तो सुईताईकडे बघत होता, रिपोर्ट हातात येणार असल्यासारखा... चुना लावल्यासारखा.

"लवकर! मागे रांग आहे."

"मामी," तो कसाबसा म्हणाला. "म्हणजे... पेशंटला विचार आधी. चालेल का."

खारूताईने पेन्सिल उचलली. "लिहू?"

"लिही," सुईताई म्हणाली. डोळे त्याच्यावरच होते. "पण कागदाकडे बघून लिही हं. तेव्हा मी बघत नव्हते."