वाकून नमस्कार

भिवघाटाच्या वळणावर एसटी अशी गचकली, की बनूच्या पिशवीतली डाळिंबं घरंगळत सीटखाली गेली. शेजारचा मिशाळ जवान जागचा ढिम्म हलला नाही.

"उचलून दिली असती तर हात झिजलं असतं का?" बनू फणकारली.

"हात न्हाई वो... पाठ मोडली असती. पाय तेवढं मोकळं हायती!"

आणि खरंच, त्यानं बुटाच्या टोकानं एकेक डाळिंब तिच्याकडं ढकललं. फळाला पाय लागला म्हणून दर खेपेला छातीला हात लावून नमस्कार केला. बनूला हसू आवरेना. मग तिच्याकडं बघायला तो वळला... आणि तिचं हसू जागच्या जागी थिजलं.

तो खांद्यासकट, कमरेसकट वळला होता. नुसती मान त्याला वळवताच येत नव्हती.

तिचा बाप आकाराम पहिल्यांदा असाच वळायला लागला होता. मग पाठ आखडत गेली, वाकत गेली. पुढं पुढं त्याला फक्त जमीन दिसायची. त्याला आपलं तोंड दिसावं म्हणून बनू लहानपणापासून त्याच्यापुढं उकिडवी बसायची.

जवानाचं नाव मानसिंग, गाव वडूज. पलटणीच्या डॉक्टरांनी त्याला पाठीपायी लांब रजेवर घरी धाडलं होतं. कालच आटपाडीला मुलगी बघायला गेला आणि होणाऱ्या सासऱ्याला वाकून नमस्कार केला नाही. 'पोराला मिजास लय!' म्हणत त्यांनी सोयरीक मोडली. आई राहीबाईही त्याला मिजासखोर म्हणत रागानं एकटीच वडूजला गेली आणि हा निघाला सांगलीला मावशीकडं.

"मग सांगायचं की, वाकता येत न्हाई म्हणून."

"फौजी गड्यानं? त्यापरीस मिजासखोर बरा."

बनू मूळची आटपाडीचीच, पण सांगलीच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर होती. उतरताना ती हळूच म्हणाली, "उद्या दवाखान्यात या."

"तुमी असशीला?"

"रक्त मीच काढते."

"मग रोज काढा की!"

डॉक्टरांनी त्याची पाठ तपासली आणि समजावलं. अंगाची राखण करणारं रक्तच कधीकधी आपल्याच सांध्यांवर उठतं. हे दुखणं घराण्यातून उतरतं, आणि त्याची रक्तातली एक खूण चार-पाच वर्षांपूर्वी, एकोणीसशे त्र्याहत्तर सालीच सापडली आहे, 'बी सत्तावीस' नावाची. त्याच्या रक्ताची बाटली मुंबईला गेली. तिच्या शेजारी बनूनं कुणाला न सांगता आपलीही एक ठेवली.

रोज पोहायचं, हाच मोठा इलाज. मानसिंग रोज कृष्णेत पोहायचा आणि बनू घाटावर बसून राहायची.

"आटपाडीच्या पोरीला पाणी बघूनच भ्या वाटतं व्हय?"

"पाण्याचं न्हाई..." एवढंच ती म्हणायची. तिला त्याचं वेड लागलं होतं. आणि जितकं वेड लागत होतं, तितकी ती रात्रंदिवस भीत होती.

महिन्यानं मुंबईची पाकिटं आली. त्याच्या रक्तात खूण होती. तिच्याही.

आठ दिवस बनू घाटावर गेली नाही. नवव्या दिवशी तोच दवाखान्याच्या दारात उभा राहिला.

"माझं काय चुकलं?"

"तुमचं न्हाई. माझ्या रक्तात बी तेच हाय. माझी पाठ आज धड हाय, उद्याचं ठावं न्हाई. आणि दोघांचं मिळून लेकराला आलं तर? बापापुढं उकिडवी बसत मोठी झाले मी. लेकरापुढं बसायचं बळ न्हाई माझ्यात!"

"डॉक्टर म्हणत्यात, खूण असली तरी बऱ्याच जणांस्नी जन्मभर काय होत न्हाई..."

"आणि झालं तर?"

"मला बी लय भ्या वाटतंय, बनू. पर तुझ्याबिगर जास्त वाटतंय."

असं कुणी सरळ बोललं, की माणसानं काय करावं? बनूनं डोळे पुसले. "मग पयलं आईला खरं सांगा. लपवून मी घरात येणार न्हाई."

वडूजला अंगणात पोचल्यावर मानसिंगला घाम फुटला. लढाईत कधी फुटला नव्हता. तरी त्यानं सगळं सांगितलं. पाठीचं, रक्ताचं, बनूचं, होणाऱ्या लेकरांचंसुद्धा. राहीबाई तोंडाला पदर लावून ऐकत होती. बनूची नजर जमिनीवरून उठेना. आता म्हातारी आपल्याला दारातूनच परत लावणार, अशी तिची खात्री झाली होती.

"कर बघू नमस्कार," राहीबाई म्हणाली.

मानसिंग वाकायला गेला. हात गुडघ्यापाशीच अडकले. दुखण्यानं ओठ दाबले गेले, तरी तो आणखी खाली जायची धडपड करत राहिला.

"ऱ्हाऊ दे रं, ऱ्हाऊ दे!" राहीबाई कळवळली. "आणि मी तुला मिजासखोर म्हणाले..."

ती वळली आणि गुडघ्यांवर हात ठेवत घराच्या चार पायऱ्या चढली. कमरेएवढ्या उंच ओट्याच्या कडेला येऊन ती उभी राहिली.

"आता कर."

मानसिंगनं न वाकता हात पुढं केले. ते अलगद आईच्या पावलांवर टेकले.

बनू लांब उभी राहून रडत होती. राहीबाईनं तिला हाक मारली. "तू बी ये गं. आणि रडू नगंस. नातवंडं आली, की त्यांच्यासाठी बी मी हितंच हुबी ऱ्हाईन. वाकली तर वाकली, न्हाई तर न्हाई."