बादलीभर शिळं पाणी

"काय शोधून राहिला रे तलावात... बायको?"

प्रश्न खरं तर देवश्रीचा नव्हताच. शाळेतून परतताना निधीनं आणि बाकीच्या पोरींनी सायकली थांबवून पैज लावली होती, विचारून दाखव, तर तू खरी! आणि अकरावीत गेल्यापासून देवश्रीची जीभ जरा जास्तच सुटली होती.

गुडघाभर पाण्यात उभ्या पोरानं बारीक जाळी वर उचलली, बाटलीत झटकली आणि बाटली तिच्या नाकासमोर धरली. आत तिळाएवढे जीव टुणटुण उड्या मारत होते.

"एक नहीं, दो सौ मिलीं," तो म्हणाला. "पसंद तू कर दे."

काठावर हशा पिकला. देवश्रीनं बाटली हिसकून घेतली आणि आत डोकावली. कान तेवढे तापले.

तो विराज. तिच्याच शाळेत, शेजारच्या तुकडीत. अभनपूरला त्याच्या वडलांचं, प्रतापकाकांचं, खतं-औषधांचं दुकान. शिक्षणासाठी तो इथं शहरात, तात्यापाऱ्यात, आत्याकडे राहायचा. घरी मराठी ऐकायचा, उत्तर मात्र हिंदीत द्यायचा. बाटलीतले ते जीव म्हणजे पाणपिसवा. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याला त्यांची परीक्षा घ्यायची होती.

धानाची रोपं पिवळी पडली की शेतकरी लोहाचं चिलेट फवारतात. म्हणजे रोपाला पचेल असं बांधून दिलेलं लोह, तांबूस भुकटी. पावसानं ते वाहून तलावात गेलं, तर दोन दिवसांत तिथल्या या बारक्या जिवांचं काय होतं?

"पण तुझे बाबाच तर विकतात ते," देवश्री म्हणाली.

"इसीलिए. हमारा माल है, तो पहले हमें ही पूछना चाहिए ना?"

झालं! देवश्री त्याच दिवशी त्याची जोडीदार झाली. प्रदर्शनाला जोडीदार लागतोच... असं तिनं निधीला सांगितलं.

प्रयोगशाळेच्या खिडकीत सहा ग्लास. प्रत्येकात दहा पाणपिसवा. पाचांत चिलेट, पहिल्यापेक्षा दुसऱ्यात जास्त, असं चढतं. सहाव्यात नुसतं पाणी. अठ्ठेचाळीस तासांनी ग्लास हलकेच हलवायचा आणि कोण हलत नाही ते मोजायचं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पाणपिसवांना मारतं, म्हणून पाणी आदल्या दिवशीच भरून उघडं ठेवायचं. हे शिळं पाणी भरण्याचं काम देवश्रीचं.

सरावाच्या दिवसांत दोघं एकाच ग्लासावर वाकायचे. बाहेर पागोळ्या गळत असायच्या.

"मले काहून पाहून राहिला? ग्लासात पाह न."

"ग्लास में भी तू ही दिख रही है... क्या करूँ?"

"मोज गुपचूप!"

"गिन तो रहा हूँ. आज तू सात बार हँसी."

आणि मग खऱ्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी निधीचा वाढदिवस आला. केक, नाच, दंगा... बादली राहूनच गेली. सकाळी तळाशी जेमतेम ग्लासभर शिळं पाणी उरलेलं. देवश्रीनं ते नुसत्या पाण्याच्या ग्लासात ओतलं. बाकीचे पाच सरळ नळाखाली धरले. एका दिवसानं काय असं मोठं होतं, तिला वाटलं.

"पानी बासी है ना?" विराजनं आल्या आल्या विचारलं.

"हव," ती मान डोलावून म्हणाली. खोटं बोलणं इतकं सोपं होतं.

दोन दिवसांनी नुसत्या पाण्यातल्या दहाही उड्या मारत होत्या. बाकी पाच ग्लासांच्या तळाशी पांढुरके ठिपके पडले होते, निश्चल.

"सबसे हल्के वाले में भी?" विराजनं ग्लास हलवला. थांबला. पुन्हा हलवला. त्याचा चेहरा उतरला.

देवश्रीला त्याच क्षणी कळलं. शब्द ओठांवर आलेही... तेवढ्यात त्यानं टेबलावरच्या तिच्या हातावर हात ठेवला. पहिल्यांदाच.

"सच यही है तो यही लिखेंगे. पापा से मैं बात कर लूँगा. तू साथ है ना?"

तिनं मान डोलावली. खरं सांगितलं असतं, तर त्यानं तो हात काढून घेतला असता ना!

राज्याच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला, मथळ्यात 'विष'. आठवड्याभरात अभनपूरच्या दुकानात लोक पुड्या परत आणून आपटू लागले. "पोटच्या पोरानंच दुकानाला आग लावली," म्हणत प्रतापकाकांनी विराजचं नाव शाळेतून काढलं आणि त्याला नागपूरला मामाकडे धाडलं.

बसस्टँडवर ती धावत पोचली. तो खिडकीत होता.

"विराज, मले काही सांगायचं आहे..."

"रडू नको न," तो म्हणाला, चक्क मराठीत. "बाबा आज न उद्या समजतील. आपण खोटं नाही बोललो, देवश्री. मले तेवढं पुरे आहे."

बस हलली. ती हात हलवत राहिली... नुसतीच.

त्यानंतर एका सोमवारी तिनं तलावातून स्वतः पाणपिसवा आणल्या. पाणी दोन दिवस उघडं ठेवलं. तेच सहा ग्लास, तेच माप. अठ्ठेचाळीस तासांनी मोजलं, सगळ्यात दाट ग्लासात दोन गेल्या होत्या. बाकी अठ्ठावन्न टुणटुण उड्या मारत होत्या. इतकं जिवंत पाणी पाहून कुणी इतकं रडलं नसेल.

घरी आली तेव्हा बाबा दिल्लीचं तिकीट दिव्याखाली धरून बर्थ नंबर वाचत होते. देशपातळीची फेरी रविवारी होती आणि त्यांनी ते आपल्या अख्ख्या रेल्वे ऑफिसात सांगून टाकलं होतं. आई तिच्या नव्या ड्रेसला इस्त्री करत होती.

"आई, इस्त्री राहू दे. बाबा, तिकीट रद्द करा," देवश्री म्हणाली. तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. "पाणी मी ताजं भरलं होतं आणि विराजले खोटं सांगितलं. त्या पिसवा चिलेटनं नाही, नळाच्या पाण्यानं मेल्या. त्याले पत्र टाकून आली मी आताच... तो कधी बोलला नाही तरी चालेल. बक्षीस मी परत करून राहिली. आणि उद्या बाजाराचा दिवस आहे, दुकानात गर्दी असते, तर सकाळच्या बसनं मी अभनपूरला चालली. प्रतापकाकांच्या समोर, सगळ्या गिऱ्हाइकांच्या समोर, हेच सांगाले."