येणारी वायर

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ताईच्या घरातल्या अडगळीच्या खोलीतला गिटारचा अ‍ॅम्प घुमला.

मी त्याच्यासमोर उपड्या बादलीवर बसलो होतो. ताई बाहेरच्या खोलीत होती, निदान माझी तशी समजूत होती. अ‍ॅम्प बाहेर ठेवला की खालच्या मजल्यावरची बाई काठीने छत ठोकते, म्हणून आम्ही तो आत हलवला होता. पायाने दाबायचं पेडल मात्र ताईला जवळ हवं होतं. शनिवारी तिचा कार्यक्रम होता. लग्नानंतर गिटार कपाटावर गेली ती आत्ता खाली उतरली होती.

एकोचं, म्हणजे प्रतिध्वनीचं, ते पेडल गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये लावलं की सगळ्या सुरांचा चिखल होत होता. त्यावर उपाय असतो. अ‍ॅम्पच्या पाठीला दोन भोकं असतात. एकातून आवाज अर्ध्या वाटेवर बाहेर पडतो, पेडलमधून फिरून दुसऱ्यातून आत शिरतो आणि मगच मोठा होतो. भोकांवर सेंड आणि रिटर्न असं लिहिलेलं होतं. ताईने सेंडच्या वायरीला पांढरी पट्टी गुंडाळली, रिटर्नच्या वायरीला लाल, आणि त्यांची नावं ठेवली, जाणारी आणि येणारी.

"जाताना हात हलवत जाते, येताना पिशव्या भरून येते," ती म्हणाली. "अगदी माझ्यासारखी."

लांब वायर शाबूत आहे का, हे बघण्याची साधी रीत आहे. येणारीचं पेडलकडचं टोक मोकळं ठेवायचं आणि पिनेवर अंगठा टेकवायचा. माणसाचं अंग घरातल्या विजेची घरघर टिपत असतं. ती अ‍ॅम्पमधून ऐकू येते. अंगठा काढला की बंद.

"लाव," मी आतून ओरडलो.

अ‍ॅम्प घुमला. दोनदा झटपट, एकदा दाबून. ताईची ही कॉलेजपासूनची सवय.

"बास, काढ आता."

घुमणं चालूच.

"ताई, काढ की!"

"काय काढू?" तिचा आवाज स्वयंपाकघरातून आला. "पाणी पितेय मी. अजून लावलाच नाही अंगठा."

मी बाहेर गेलो. लाल पट्टीची पिन सतरंजीवर पडलेली होती. जवळपास काही नव्हतं, खिडक्या बंद होत्या. मी वाकलो आणि घुमणं थांबलं, कोणीतरी वाट देऊन बाजूला व्हावं तसं.

सैल सांधा, लिफ्टची मोटर, शेजारचा मिक्सर, काहीही असेल. मी वायर बदलली, लाल पट्टी नव्या वायरीला गुंडाळली, अ‍ॅम्प दुसऱ्या बोर्डावर लावला. मग पिनेवर माझा अंगठा ठेवला. आत अ‍ॅम्प नीट घुमला.

"आता तू."

ताईने अंगठा टेकवला. काही नाही. तिने जोरात दाबला, जिभेला लावून पुन्हा दाबला. चपला काढल्या, दहाही बोटं लावून पाहिली.

"अरे, मी काय रबराची झाले का?"

"नीट धर ना."

"तुझ्यापेक्षा नीट धरलंय. मोठा आलाय इंजिनियर!"

ती हसत होती. भाऊजींना ही गंमत सांगायची म्हणून तिने फोन उचलला. तिचा फोन अंगठ्याने उघडतो. उघडला नाही. तिने काचेवर बोट फिरवलं. काच तशीच काळी. मी माझं बोट लावलं, तर लगेच उजळली.

ताईचं हसणं थांबलं.

आतून आवाज आला. दोनदा झटपट, एकदा दाबून.

पिन आमच्या दोघांच्या मध्ये सतरंजीवर होती.

"ती मी आहे," ताई हळूच म्हणाली.

"वेडी आहेस का? घोटाळा अ‍ॅम्पमध्येच आहे. थांब, बंदच करतो."

तिने माझं मनगट पकडलं. हात घट्ट होता, नेहमीसारखाच उबदार होता. "बटणाला हात लावू नकोस. बंद केलास आणि मी तिथेच राहिले तर?"

आत अंगठा टेकतच होता, आता घाईघाईने, दार वाजवावं तसा.

"येणारी आहे ना ती?" ताईने विचारलं. "मग तिच्यातून येईल ना परत?"

"येईल," मी म्हणालो. काहीतरी बोलायला हवं होतं.

तिने दोन्ही पिना उचलल्या. डाव्या अंगठ्याखाली जाणारी, उजव्या अंगठ्याखाली येणारी. जिथे पेडल असायचं तिथे आता ताई होती.

घुमणं वाढलं. खिडकीची काच थरथरू लागली.

"गार लागतंय," ती म्हणाली.

मग म्हणाली, "अरे, इथे कोणीतरी..."

आवाज तुटला.

ताईने पिना सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवल्या. फोन घेतला. तिच्या बोटाखाली काच उजळली.

"झालं की," ती म्हणाली.

मी खाली बसलो आणि मूर्खासारखा हसत सुटलो. तीही हसली, माझं हसून झाल्यावर.

घरी जाताना जिन्यात माझ्या लक्षात आलं. नावं अ‍ॅम्पच्या बाजूने दिलेली असतात. येणारी म्हणजे अ‍ॅम्पमध्ये येणारी. आपल्याकडे नव्हे. आपल्याकडे जे येतं ते जाणारीतून येतं, अ‍ॅम्पमधून बाहेर पडून.

मग मघाशी जाणारीतून बाहेर काय आलं होतं?

शनिवारचा कार्यक्रम झाला. भाऊजी खूश होते. "एवढ्या वर्षांचा गंज कसा उतरला बघ! एकही सूर चुकली नाही." ताई पूर्वी हमखास चुकायची आणि चुकली की जीभ चावायची. मी पहिल्या रांगेत होतो. तिने एकदाही जीभ चावली नाही.

ती जेवते, झोपते, कामावर जाते. माझी चौकशी करते. फक्त फोन अंगठ्याने उघडत नाही. बोट लागलं हे फोनला कळतं, पण ठसा जुळत नाही असं तो सांगतो. ती आकडे दाबून उघडते.

"नवा ठसा घाल ना," मी म्हटलं.

"कशाला? चाललंय की."

आज दुपारी मी पेडल न्यायच्या निमित्ताने आलो. ताई आंघोळीला गेली होती, फोन बाहेर टेबलावर होता. अडगळीच्या खोलीतला अ‍ॅम्प कार्यक्रमापासून बंद आहे. त्याचा प्लग काढून वरच ठेवलेला आहे. लाल पट्टीची वायर मात्र पाठीला तशीच लावलेली होती. मी तिचं मोकळं टोक बाहेरच्या खोलीपर्यंत ओढत आणलं आणि फोनवर अंगठा ठेवायची जी जागा असते, तिथे पिन टेकवली.

फोन उघडला.

मी तो बंद केला आणि पुन्हा पिन टेकवली. पुन्हा उघडला.

बाथरूममधलं पाणी आत्ताच थांबलं आहे.