खिडकीकडे तोंड

गोऱ्या साहेबाचा जुना बंगला डागडुजी करून त्याचं संग्रहालय झालं, तेव्हापासून बाई तिथे हंगामी होत्या. घरी सासूबाई चहाबरोबर रोज विचारायच्या, "अजून तात्पुरतीच का गं?"

बाई शिस्तीच्या. लोक दारातून येणार, म्हणून दिवाणखान्यातली साहेबाची खुर्ची त्यांनी दाराकडे तोंड करून मांडली. आल्यागेल्याला पाठ दाखवायची नाही, मग ती मेलेल्या माणसाची का असेना.

रोज सकाळी मात्र खुर्ची खिडकीकडे वळलेली असे.

"वॉचमनकाका, बसून बागेची हवा खाता वाटतं?"

"मी? त्या खुर्चीत? तिच्यात ढेकूण असणार, बाई. मला माझं स्टूल बरं."

काका त्या स्टुलावर भिंतीला टेकून किती छान घोरतात, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यात तपासणीचे साहेब उद्याच यायचे होते. त्यांच्या एका शेऱ्यावर बाईंची नोकरी पक्की व्हायची किंवा जायची.

बाईंनी सुतार बोलावला. त्याने खुर्चीचे पाय पितळी स्क्रूंनी लाकडी जमिनीत आवळले. पेचकस घसरून एका स्क्रूचं डोकं खरचटलं.

"दिसायचं नाही कुणाला," सुतार म्हणाला. "आता बंगला हलेल, पण ही हलायची नाही."

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या दारातून आत आल्या, तर समोर खुर्चीची पाठ.

सुताराचा मनातल्या मनात उद्धार करत त्या खाली वाकल्या. स्क्रू घट्ट होते. जमिनीवरचा जुना जळका डाग कालच्याच पायाशी होता. खुर्ची तसूभरही हलली नव्हती.

"काका, हे दार काल कुठल्या भिंतीत होतं?"

काकांनी दाराकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि टोपी काढली. "बाई, मला दिवसपाळी मिळेल का?"

तेवढ्यात तपासणीचे साहेब आलेच. खुर्चीच्या पाठीकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"बाकी ठिकाणी खुर्च्या दुकानात मांडल्यासारख्या असतात," साहेब म्हणाले. "इथं मालक घरात बसलाय असं वाटतं. तुमचं काम झालं समजा."

बाई ऑफिसात जाऊन आपल्या टेबलाशी खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी घरी सासूबाईंना फोन लावला.

"आई, झाले हो कायम."

"मग आज तरी लवकर ये."

बोलताना त्यांची नजर बागेवर होती.

टेबलासमोर तर आजवर दार असायचं.

बाई खुर्ची मागे सरकवायला गेल्या. सरकेना.

त्या हळूच खाली वाकल्या. पायांत पितळी स्क्रू होते, नीट आवळलेले.

त्यातल्या एकाचं डोकं खरचटलेलं होतं.