वाळत लावलेली पट्टी

धाकटीने लाँड्रीत इतकी वर्षं काढली होती की ओली वस्तू आडवी पडलेली दिसली, तर तिच्या जिवाला चैन पडत नसे. ओलं ते उभंच वाळायला हवं, नाहीतर वास धरतं, हे तिचं ठाम मत. थेरपिस्टबाईंनी गळ्याच्या वणावर लावायची सिलिकॉनची पट्टी धुऊन ताटलीत वाळवायला सांगितली, तेव्हा तिने मान डोलावली, म्हणजे जेवढी डोलत होती तेवढी. घरी येऊन मात्र तिने पट्टी खिडकीच्या काचेवर चिकटवून दिली.

वाफेच्या इस्त्रीचा पाइप फुटून तिची हनुवटी आणि गळा भाजला होता. सर्जननी मांडीची कातडी काढून गळ्यावर बसवली. ऑपरेशन झकास झालं, असं सगळेच म्हणाले. पण पुढे त्या जागी लाल, टणक वण उठला आणि हनुवटीला खाली ओढू लागला. मग वणाची सरबराई सुरू झाली. दिवसभर पट्टी, तिच्यावरून घट्ट गळपट्टा, आंघोळीच्या वेळी दोन्ही काढून क्रीमने मालिश. जावयाचे इतके लाड कुणी केले नसते.

“वण दाबून बघत जा,” थेरपिस्टबाई म्हणायच्या. “पांढरा पडून लगेच लाल झाला की समजायचं, अजून जिवंत आहे, अजून वाढतोय. जखमेला मिटायचं तेवढं कळतं. कुठे थांबायचं, ते आपण शिकवायचं.”

धाकटी हे सगळं इमानेइतबारे करायची. कारण एकच, तिची मुलगी बिट्टी. नवरा बोटीवर नोकरीला, म्हणून अपघातानंतर बिट्टीला थोरल्या बहिणीने आपल्याकडे नेलं होतं. हॉस्पिटलात पोरीने आईकडे एकदा पाहिलं, मावशीच्या पाठीत तोंड लपवलं आणि म्हणाली, “ही नको.” भाजल्याचं दुखणं धाकटीने दात-ओठ आवळून सोसलं, पण हे दोन शब्द तिला अजून गिळता आले नव्हते. वण बसल्याशिवाय लेकीला घरी आणायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

काचेला, ती पट्टी लावायची तिथेच, एक जुना तडा होता. एका सकाळी ती पट्टी काढायला गेली, तर तडा दिसेना. बोटाने चाचपलं, काच गुळगुळीत. घरमालकाने बदलली म्हणावी, तर घरमालक म्हणजे नळ गळतो म्हटल्यावर खाली बादली ठेवा म्हणणारा माणूस. तिने फार डोकं चालवलं नाही. वण खरोखरच बसत चालला होता आणि तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

“मलाच शिकवायला या आता,” थेरपिस्टबाई तिचा गळा न्याहाळत म्हणाल्या. “करता काय तुम्ही?”

“तुम्ही सांगता तेच,” धाकटी म्हणाली. ताटलीचं तिने सांगितलं नाही.

पुढे खिडकी उघडेनाशी झाली. लाकूड फुगलं असेल, असं म्हणत तिने दोन धक्के मारून बघितले आणि नाद सोडला. पण वारा बंद झाल्यावर पट्टी वाळेना. घराला दुसरी हवेशीर जागा म्हणजे दाराची फट. ती इतकी रुंद होती की बाहेरच्याच्या चपला दिसायच्या. धाकटीने पट्टी तिथे, अर्धी दारावर आणि अर्धी चौकटीवर, ताणून लावली. छान वाळली. मग ती रोज तिथेच लावू लागली.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बिट्टी बराच वेळ बघत राहिली. “आई, तू परत तू झालीस,” ती म्हणाली. “मी उद्या येऊ?”

फोन ठेवून धाकटी ढसाढसा रडली. मग उठून घर लख्ख केलं, लेकीची उशी उन्हाच्या पट्ट्यात ठेवली, आणि या धांदलीत पट्टी दारावरून काढायची राहिली ती राहिलीच.

सकाळी पट्टी दारावर नव्हती. खालीही पडली नव्हती.

फटही नव्हती. दार आणि चौकट एकच झाली होती. कडीच्या जागी एक उंचवटा होता, फिका गुलाबी, तकतकीत. धाकटीने त्यावर अंगठा दाबला. जागा पांढरी पडली आणि लगेच लाल झाली.

ती मागे सरकली. तवा उचलून तिने खिडकीवर हाणला. काच वाजली नाही. आत दबली आणि सावकाश पुन्हा वर आली.

“अगं, तुझं दार कुठलं?” बाहेरून थोरलीचा आवाज आला, जाड गोधडीआडून यावा तसा. “इथे नुसती भिंत लागतेय हाताला.”

“तिथेच आहे, ताई. उघडत नाहीये.”

“कडी काढ की.”

“कडी नाहीये.”

थोरली उगाच हसल्यासारखं करून म्हणाली, “घाबरू नकोस. कोपऱ्यावरच्या सुताराला आणते. दोन मिनिटांचं काम.”

सुतार आला. ड्रिल घरघरलं, मध्येच अडकलं, पुन्हा घरघरलं. आत हवा जड होत चालली होती. धाकटी भिंतीला गाल लावून उभी राहिली. भिंत कोमट होती.

“ताई, हे लाकूड नाही,” सुतार म्हणाला.

“मग काय आहे?”

“लाकडाचा भुसा पडतो. हे ओलं येतंय.”

तेवढ्यात ड्रिल आरपार आलं आणि निघून गेलं. बोटाएवढ्या भोकातून उजेड आत आला. मोठी करवत आणतो, म्हणत सुतार घाईने गेला. रेंज मिळेना म्हणून थोरली फोन घेऊन जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

“आई?” भोकापाशी बिट्टी म्हणाली. “मी बोट घालू आत?”

“घाल, राणी.”

इवलंसं बोट आत आलं. धाकटीने ते चिमटीत धरलं. मग वाकून आपला गळा त्याच्यासमोर नेला आणि श्वास रोखला. बोट वणावर टेकलं, थबकलं आणि हळूच फिरू लागलं.

“मऊ आहे की,” बिट्टी म्हणाली. “मी उगाच घाबरले.”

धाकटीला हुंदका आवरेना. बोट सोडून ती मागे झाली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागली. सुखाने रडत होती ती, इतक्या महिन्यांनी.

“आई,” बाहेरून बिट्टी म्हणाली, “सोड ना आता. किती घट्ट धरतेस.”